गाडी लागते

तिसरा महिना सरेपर्यंत गोड बातमी कुणाच्या कानावर घालायची नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. म्हणून प्रियंकाला हिंगोलीला तपासणीला नेताना सोमेश्वरनं बहाणा घरूनच पाठ करून आणला होता.

गोरेगावहून हिंगोलीला जाणाऱ्या जीपमध्ये बसल्या बसल्या कुणाच्या तरी तंबाखूचा वास आला आणि प्रियंका खिडकीतून भडभडून ओकली. सगळ्या माना वळल्या.

"हिला गाडी लागती, सुमनकाकू," समोर बसलेल्या गल्लीतल्या म्हातारीला सोमेश्वर घाईनं म्हणाला. "लहानपणापासूनच तकलीफ हाय."

सुमनकाकूंनी बटव्यातून सुकवलेल्या आवळ्याची फोड काढून प्रियंकाच्या हातावर ठेवली.


"व्हय रे बाबा, लागत असंल. पर आधी गाडी सुरू तर होऊ दे. डायवर अजून टपरीवर चहा पिऊन राहिला!"