गुडघ्याची नोंद

"डायरीतलं सगळं सिस्टिमवर चढव, एप्रिलपासून तू डायरेक्टर," साहेब म्हणाले. म्हणजे पगार दुप्पट.

आमच्या फंडासाठी श्रीमंतांकडून पैसे उभे करायचे, हे माझं बारा वर्षांचं काम. लोक पैसे द्यायचे ते माझ्या डायरीमुळे. कोणाची मुलगी बाळंत झाली, कोणाला बिनसाखरेचा चहा लागतो, सगळं त्यात होतं. दोन महिने खपून मी ती अख्खी चढवली. आईसुद्धा आमची गुंतवणूकदार होती. एका वर्षी टार्गेट भरेना, तेव्हा मीच तिला बाबांचा प्लॉट विकायला लावला होता. तिचीही नोंद केली: वाढदिवस एकोणीस जून, उजवा गुडघा दुखतो, प्लॉटचा विषय काढू नये.

एप्रिलमध्ये मला नारळ मिळाला. माझ्या निम्म्या पगारावर एक मुलगी आली आणि माझ्या नोंदी वाचून माझ्याच लोकांना फोन करू लागली.

मी नोकरीसाठी वणवण करत होतो. एका संध्याकाळी घरी आलो, तर आई फोनवर चक्क हसत होती.

"तुझ्या ऑफिसातली मुलगी," फोन ठेवत ती म्हणाली. "किती आपुलकीनं गुडघ्याचं विचारलं रे तिनं!"

माझं डोकंच फिरलं. "ती तुला कशाला फोन करते?"



"आज एकोणीस जून," आई म्हणाली आणि पान वाढायला उठली.