दादाचा लॅपटॉप

नवा लॅपटॉप घेतल्यावर दादाने जुना धाकट्या बहिणीच्या पुढ्यात टाकला. "चालू व्हायला जीव खातो, पण तुला काय, घरबसल्या भाषांतरंच तर करायचीत!"

पहिल्या कमाईतून तिने वेगवान एसएसडी आणली आणि आतल्या जुन्या हार्ड डिस्कच्या जागी व्हिडिओ बघत स्वतःच बसवली. मरतुकडा लॅपटॉप वाऱ्यासारखा पळू लागला. तिची कामंही वाढली.

ते बघून दादाला एकदम आठवण झाली. "अगं, हा परत दे. तुझ्या वहिनीला लागतोय. शेवटी आहे तर माझाच ना!"

धाकटीने मागचे स्क्रू काढले, एसएसडी काढून पर्समध्ये टाकली, त्याची जुनी हार्ड डिस्क होती तशी बसवली आणि झाकण लावलं.



"घे दादा, तुझं तेवढं तुला."