खिशातला कांदा

उन्हाळ्याच्या दुपारी गोपाळराव घराबाहेर पडले, की महाल वस्तीतली सगळी गल्ली विचारायची, "कांदा घेतला काय गा खिशात?" ऊन लागू नये म्हणून. पानठेलेवाला तर विचारायचाच, रोज नळावर भांडणारी शेजारीणही खिडकीतून ओरडायची. गोपाळराव वैतागायचे. "नळाले पाणी नाही, घराची भट्टी होऊन राहिली, अन् वरून ह्या चौकशा! यंदा उन्हाळाभर पोराकडं पुण्यालेच राहतो."

गेले, आणि आठवड्याभरात परत आले.

"काहून आले जी एवढ्यात? हवा मानवली नाही काय?" बायकोनं विचारलं.

"हवा झकास होती," डोक्याचा दुपट्टा सोडत गोपाळराव म्हणाले. "पण भर दुपारी साऱ्या पेठेत फिरलो. एकानंबी नाही विचारलं मले, कांदा घेतला काय म्हणून."