होकार

"साखर घालू ना, कनकाम्मा?" शरदचंद्रांनी तमिळमधून विचारलं.

"ओम," कनका म्हणाली.

त्यांना हसू आलं. लेकीची, कीर्तनाची, सुपारी फोडायला आलेली ही बाई साखरेलाही देवाची परवानगी घेते की काय! "चहातसुद्धा नामस्मरण?"

"देव कुठला, अण्णा! आमच्या लंकेत, जाफन्याला ओम म्हणजे हो. तुम्ही चेन्नईवाले आमा म्हणता ना, तसंच."

"ओम म्हणजे... हो?"

चमच्यातली साखर टेबलावर सांडली. "हल्ली हात थरथरतात यांचे," म्हणत सुनीतीने फडकं फिरवून वेळ मारून नेली.

सकाळपासून सगळं कसं छान चाललं होतं. अनयने बापाला बजावलं होतं, "बाबा, तेवढं एक सोडून काय हवं ते बोला." कीर्तनाच्या आईची अटच तशी होती. कनकाचा थोरला भाऊ भारताच्या शांतिसेनेच्या गोळीने गेला होता. त्या सेनेतल्या माणसाच्या घरात ती मुलगी देणार नव्हती. उभा जन्म चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात गेला, असं शरदचंद्र तिला सांगून मोकळे झाले होते. त्याआधीची पलटणीतली सात वर्षं त्यांनी गिळून टाकली.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, म्हणतात. डोंबलाचा लाभ! श्रीलंकेचं सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात समेट घडवायला म्हणून भारताचे जवान गेले, आणि तिसऱ्या महिन्यात बंडखोरांशीच लढत बसले. शरद तेव्हा चोवीस वर्षांचा, थेट कराडहून गेलेला. तमिळचं अक्षर येत नव्हतं. देवनागरीत लिहिलेली चार वाक्यं जवानांकडून घोकून घेतली होती. होकाराला 'आमा' म्हणतात, हेही सांगितलं होतं. उत्तरांची शिकवणी तेवढ्यावर संपली.

ताडाच्या झावळ्यांच्या कुंपणाआड एक पोरगा सापडला. शरदने घोकलेलं एक वाक्य म्हटलं. पोरगा "ओम, ओम" म्हणत उठायला लागला. शरदला वाटलं, हा देवाचं नाव घेऊन मरायला नि मारायला निघालाय. त्याने गोळी घातली. पोराच्या हातात काहीच नव्हतं.

तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला ते देवापाशी एक वात जास्त लावायचे. "जाताना तोंडात नाम होतं गं त्याच्या," सुनीतीला सांगायचे. तेवढ्या एका आधारावर बिचाऱ्यांनी सदतीस वर्षं काढली.

ते घोकलेलं वाक्य आता त्यांना अक्षरन् अक्षर आठवत होतं. 'शरण येतोस का?'

कनका त्यांच्याकडेच बघत होती. तिने कप खाली ठेवला.

"अण्णा, हा शब्द तुम्ही आधी ऐकलाय," ती हळूच म्हणाली. "शांतिसेनेबरोबर आला होतात तुम्ही?"

अनय ताडकन उठला. "छे हो, अम्मा! बाबा कधीच..."

शरदचंद्रांनी मुलाकडे पाहिलं. कीर्तनाकडे पाहिलं. त्यांना रडू आवरेना. त्यांनी कनकासमोर हात जोडले.

"ओम," ते म्हणाले.