हिरवा दिवा

बसच्या दांड्यावरचा बारीक दिवा हिरव्याचा पिवळा व्हायला चार सेकंद लागत. हेमांगीने ते पुष्कळदा मोजले होते. तळहाताचा घाम आणि नाडी यांवरून दांडा प्रवाशाची भीती ओळखायचा, दिवा पिवळा करायचा आणि कानाशी हळूच विचारायचा, "तक्रार नोंदवू का?" प्रवाशाने स्वतः मोठ्याने 'हो' म्हटल्याखेरीज मात्र काहीच नोंदले जात नसे.

करड्या जाकिटातला माणूस नऊ दिवस तिच्या पाठीमागे सरकत येत होता, तिच्याच थांब्यावर उतरत होता. नऊही दिवस ती "नको" म्हणाली होती. तक्रारीने चिडून तो घरापर्यंत आला तर?

आज तिने इतर बायकांसारखी ओढणी हाताला गुंडाळून दांडा धरला. दिवा हिरवाच राहिला. निदान तो प्रश्न तरी टळला.

"दिव्याला फसवशील गं," शेजारी बसलेल्या मावशी पुटपुटल्या, "पण त्या माणसाला?"

तेवढ्यात मानेवर श्वास जाणवला. "आज हिरवा!" तो माणूस हसत म्हणाला. "म्हणजे आता भीती वाटत नाही ना माझी?"

हेमांगीच्या लक्षात आले: हे नऊ दिवस तो तिचा दिवा वाचत होता.

तिने ओढणी सोडली आणि उघड्या हाताने दांडा घट्ट धरला. एक, दोन, तीन, चार. पिवळा.

"तक्रार नोंदवू का?"

बसभर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "हो. माझ्यामागचा हा करड्या जाकिटातला माणूस. नोंदव."