हिवाळ्यातली माशी

टीव्हीवरच्या म्हाताऱ्याने आपल्या सुनेच्या खाडकन थोबाडीत मारली आणि इकडे सूनबाईंची पंचाईत झाली. कारण नुकतंच त्यांनी त्याच म्हाताऱ्याच्या तोंडी वाक्य घातलं होतं, "जा पोरी, खुशाल नोकरी कर. घर काही पळून जात नाही."

"मारली का गं त्याने तिला?" सासऱ्यांनी खुर्चीतून पुढे वाकत विचारलं.

"नाही हो बाबा. तिच्या गालावर माशी बसली होती."

सासऱ्यांनी डोळे बारीक केले. पडद्यावर जिकडेतिकडे गुडघाभर बर्फ होता. "एवढ्या बर्फात माशी?"

"तिकडे हिवाळ्यातही असतात," सूनबाई म्हणाल्या आणि पुढची ओळ घाईघाईने वाचू लागल्या.

सासऱ्यांनी उभा जन्म थिएटरात मशीनवर सिनेमे दाखवले होते. आपल्याकडच्या कुठल्याही सिनेमाचा शेवट त्यांना पहिल्या गाण्यालाच कळे. म्हणून निवृत्तीनंतर त्यांना परदेशी सिनेमे लागत, तेही नवेकोरे. कोपऱ्यावरचा व्हिडिओवाला असल्या डीव्हीडी हौसेने आणायचा आणि त्या नेणारं घर सबंध गल्लीत हे एकच होतं. अडचण होती ती मोतीबिंदूची. सासऱ्यांना माणसं दिसत, अक्षरं दिसत नसत. तेव्हा दर शनिवारी दुपारी पडद्यावर खाली उमटणाऱ्या मराठी ओळी सूनबाई मोठ्याने वाचून दाखवत.

सूनबाईंना लहानपणापासून बसच्या त्या थोरल्या स्टिअरिंगचं वेड. यंदा त्या बस चालवण्याच्या परीक्षेत पास झाल्या आणि डेपोने त्यांना बोलावलंही. पण आमच्या घरातली बाई बस चालवणार नाही, असं म्हणून सासऱ्यांनी विषय मिटवला. नवऱ्याने दोन्ही डगरींवर हात ठेवून सांगितलं की, बाबा हो म्हणाले तर त्याची काही हरकत नाही. सूनबाईंना झोप लागेना, जेवण गोड लागेना.

अशातच एका सिनेमातला बेकरीवाला आपल्या सुनेला वाटेल ते बोलू लागला. ते वाचायला सूनबाईंची जीभच रेटेना. त्यांनी वाक्य जरा मऊ केलं. सासरे म्हणाले, शहाणा माणूस दिसतोय. झालं! तेव्हापासून जगभरचे सासरे एकदम सुधारले. वाळवंटातले, बंदरावरचे, डोंगरातले, सगळे आपापल्या सुनांना कामावर धाडू लागले. त्यातला एक तर खरं म्हणजे आगगाडीला उशीर झाल्याबद्दल बोलत होता. सासरे हुं हुं करत ऐकत. परदेशात सासरे बरे मिळतात, असं एकदा पुटपुटलेही. सूनबाईंना आपल्या लबाडीची लाज वाटे, पण आशाही वाटे आणि दर शनिवारी आशाच वरचढ ठरे.

मग सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डोळे बरे झाले तसं त्यांनी औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचून दाखवली. सगळे खूश झाले. सूनबाईही हसल्या, पण त्यांना आता शनिवारची धास्ती वाटू लागली.

ती धास्ती खोटी नव्हती. एके दिवशी व्हिडिओवाल्याने त्यांना रस्त्यात हटकलं. तुमचे सासरे त्याच जुन्या डीव्हीडी एकेक करून पुन्हा नेतायत, म्हणाला. पाहिलेला सिनेमा कोणी इतक्या लगेच पाहतं का, असंही त्याने विचारलं. सूनबाई तशाच घराकडे वळल्या. त्या बाजारात गेल्या की बाबा घरी एकटे बसून काय पाहत होते, ते आता उमगलं. घरी आल्या तर सासऱ्यांनी नेहमीसारखा चहा तेवढा मागितला. ते जास्तच जिव्हारी लागलं. डेपोत हजर व्हायचा सोमवार तोंडावर आला होता. नोकरी तर गेलीच, पण बाबांच्या मनातून आपण उतरलो याचं सूनबाईंना अधिक वाईट वाटत होतं.

शनिवारी व्हिडिओवाल्याकडून नवी डीव्हीडी आली. नवराही घरीच होता. सूनबाई सवयीने टीव्हीजवळच्या स्टुलावर बसायला गेल्या, तर सासऱ्यांनी ते स्टूल स्वतःकडे ओढून घेतलं.

"इतके दिवस तू वाचलंस. आज मी वाचतो. तू आरामात खुर्चीत बस."

सूनबाई खुर्चीच्या काठावर कशाबशा टेकल्या. आता एकेक ओळ खरी वाचून बाबा आपली लबाडी नवऱ्यासमोर उघडी पाडणार, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर पुन्हा बर्फच बर्फ. गोठ्यात एक म्हातारा आणि त्याची सून. म्हातारा तणतणत काहीतरी बोलला. खाली ओळ उमटली: शेळी आटली. हिला आता विकून टाकू.

सासऱ्यांनी घसा साफ केला आणि एकदाही न अडखळता वाचलं, "सोमवारी डेपोत वेळेवर जा, पोरी. आणि तुझ्या पहिल्या फेरीला मला पुढची खिडकीची जागा ठेव."

नवऱ्याने टीव्हीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "पण बाबा, तिथे तर शेळी..."

"सिनेमा चालू असताना बोलू नये," सासरे म्हणाले.

सूनबाईंना समोरचं काही दिसेना. त्या पदराने डोळे पुसत होत्या, तोच टीव्हीतून खाडकन आवाज आला. गोठ्यातल्या म्हाताऱ्याने सुनेच्या थोबाडीत मारली होती.

"माशी," सासरे मान न वळवता म्हणाले. "तिकडे हिवाळ्यातही असतात."