सत्ताविसावा तुकडा

"एकोणीस," एव्हरेट म्हणाला आणि ओतीव बिडाचा तुकडा तारेला अडकवला.

चोचाने छोट्या हातोडीने एकच टोला दिला. टण्ण! नाद लांबत गेला आणि विरला.

"खणखणीत. सोमवारचा माल दिसतोय. सोमवारी भट्टी पुरती तापलेली नसते, आवाज जरा जाड येतो."

एव्हरेटने मांडीवरची उत्तरपत्रिका हळूच उघडली. बरोबर. एकोणिसातले एकोणीस बरोबर. त्याच्या अंगावर काटा आला.

हेड ऑफिसने त्याला विस्कॉन्सिनभर पाठवलं होतं. कोणत्या फाउंड्रीत कोणाला काय येतं आणि किती येतं, ते मोजायचं. मग वर बसलेले लोक पुढच्या वर्षाचं ठरवणार, कोणाला शिकवायचं, कोणाला हलवायचं, काय बंद करायचं. त्याच्या तक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढे एक वर्तुळ होतं, त्याचे चार भाग. चारही भरले की तो माणूस इतरांना शिकवण्याइतका तयार. ज्या फाउंड्रीत बीड आवाजावरून पारखणाऱ्यांत एकही पूर्ण वर्तुळ नसेल, तिथलं पारखीचं टेबल जानेवारीत बंद. माल यंत्राकडे जाणार आणि पारखणारे पॅकिंगला.

खणखणीत वाजला तर तुकडा भरीव, बद्द वाजला तर आत पोकळी; पूर्ण वर्तुळासाठी कंपनीच्या पेटीतल्या चाळीसच्या चाळीस तुकड्यांची उत्तरं बरोबर यावी लागत. अकरा फाउंड्र्या झाल्या होत्या. कोणी तिसावर अडकलं, कोणी एकोणचाळीसवर. चाळीस कोणालाच पडले नव्हते.

ही बारावी, शेवटची. समोर बर्नाडीन वोयचिक, वय त्रेसष्ट, या टेबलावर पस्तीस वर्षं. इथले निम्मे लोक पोलिश, आणि मावशीला ते चोचा म्हणतात. तिची सख्खी भाची एकच, पण चोचा म्हणणारे दीडशे.

"ह्याच्या डोक्यावर पण एक टोला मारून बघ ना, चोचा," फोरमन रूडी तोंडातला घास सांभाळत म्हणाला. जेवणाची सुट्टी सोडून तो बघायला आला होता.

"हेड ऑफिसचं आहे ते," चोचा म्हणाली. "बद्दच वाजणार."

एव्हरेटलाही हसू आलं. वीस, एकवीस, बावीस. तिचं चुकतच नव्हतं. तेविसाव्या तुकड्याची पोकळी कुठल्या बाजूला आहे, तेसुद्धा तिने बोट ठेवून दाखवलं.

"तुम्हाला सांगू?" एव्हरेटला राहवेना. "मला नवल वाटतं ते ही पेटी तयार करणाऱ्याचं. सव्वीस वर्षांपूर्वी यंत्रं कुठे होती? त्याने नुसत्या कानांनी चाळीस तुकडे पारखले आणि उत्तरं लिहून ठेवली. आज बारा फाउंड्र्या त्याच्या कानांवर मोजल्या जातात. काय माणूस असेल!"

"पुढचा लाव, पोरा."

उत्तरपत्रिका त्याच माणसाच्या हातची होती. खाली सही नव्हती. प्रत्येक 7 च्या कमरेवर आडवी रेघ होती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा एव्हरेटला वाटलं होतं, कोणीतरी आकडे खोडलेत.

"सत्तावीस."

चोचाने टोला दिला. मग दिवसभरात पहिल्यांदाच दुसरा दिला. नाद थांबून बराच वेळ झाला तरी ती तुकड्याकडे बघत राहिली.

"जे ऐकू येतं तेच सांगायचं ना, पोरा?"

"म्हणजे काय? तेच तर हवंय."

"नाही, आपलं विचारून ठेवलं." तिने हातोडी खाली ठेवली. "बद्द. आत पोकळी आहे."

उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, खणखणीत. एव्हरेटने ते दोनदा वाचलं.

"हवं तर पुन्हा एकदा ऐका," तो हळूच म्हणाला. असं म्हणायची परवानगी नव्हती, पण तो म्हणाला. रूडी चावायचा थांबला.

"नको. बद्द म्हणजे बद्द."

उरलेले तेराही तिने अचूक सांगितले. एव्हरेटने वर्तुळाचे तीन भाग भरले. चौथ्यावर पेन टेकवलं आणि उचललं.

"एकोणचाळीस," तो म्हणाला. "वाईट वाटतं, चोचा. सत्ताविसावा चुकला."

चोचाने एप्रनची गाठ सोडली. "फोडून बघ."

"पेटी कंपनीची आहे. माझी नोकरी जाईल."

"आणि माझं टेबल काय राहिलं का?"

एव्हरेट पेटीकडे बघत बसला. याच तुकड्याने अकरा फाउंड्र्यांत एकोणचाळीसवाल्यांना अडवलं होतं, एकूण एकाला. तेव्हा त्याला ती तुकड्याची करामत वाटली होती. आता तो उठला आणि तुकडा रूडीच्या हातात दिला.

रूडीने घण घातला. पहिल्या घावात काही झालं नाही. दुसऱ्या घावाला दोन शकलं झाली. ऐन पोटात शेंगदाण्याएवढी काळी पोकळी होती.

अंगठ्याएवढ्या जाडीच्या लोखंडाआडचं ते एवढंसं भोक या बाईने आवाजात ऐकलं होतं. एव्हरेटला एकदम टोपी काढावीशी वाटली, आणि त्याने ती काढली.

मग त्याला संताप आला. "अकरा फाउंड्र्या! चांगले चांगले कान मी नापास केले. कोणत्या बहिऱ्याने लिहिलीत ही उत्तरं?"

चोचाने खडू उचलला. एका शकलावर ठळक 27 काढला, आणि सवयीने 7 च्या कमरेवर आडवी रेघ ओढली.

एव्हरेटने खडूच्या आकड्याकडे पाहिलं. मग उत्तरपत्रिकेकडे.

"फेब्रुवारी होता," चोचा म्हणाली. "सर्दीने दोन्ही कान बंद. नंतर तीन पत्रं घातली हेड ऑफिसला, की सत्तावीसचं उत्तर चुकलंय माझं."